विंडोज की लिनक्स? आधी कामाची यादी, मग निवड

किराणा दुकान असो, कापडाचे दुकान असो, छपाईचा धंदा असो की शिकवणी वर्ग. संगणकावाचून आता कोणाचेच चालत नाही. आपल्या छोट्या व्यापाऱ्यांकडे हा संगणक पुष्कळदा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला असतो. तो अडला की दुरुस्तीवाला मुलगा येतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो, काही रुपये घेतो आणि तासाभरात विंडोज टाकून देतो. ते विंडोज कोठून आले, त्याचा परवाना कोणाचा, हे मालक विचारत नाही आणि मुलगा सांगत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मात्र हा प्रश्न टाळण्यासारखा राहिलेला नाही. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा संपवली. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत ठेवली. अशी मुदतवाढ न घेणाऱ्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. विंडोज ११ घ्यावे तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक, चांगले चालत असले तरी, या यादीबाहेर पडतात.

अशा वेळी कोणी सांगतो, ‘लिनक्स टाका, फुकट आहे.’ दुसरा सांगतो, ‘त्याच्या नादी लागू नका, काहीच चालणार नाही.’ दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. या पाठात आपण निवड कशी करायची ते क्रमाने पाहू.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

मोठ्या पेढीत एक दिवाणजी असतो. कोणत्या कारागिराला कोणते काम द्यायचे, कोठाराची किल्ली कोणाकडे, बाहेरच्या माणसाला कोठपर्यंत येऊ द्यायचे, हे तो ठरवतो. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. बिलाचे सॉफ्टवेअर, इंटरनेटचा ब्राउझर, पत्र टाइप करण्याचे साधन हे सगळे तिच्या हाताखालचे कारागीर. विंडोज, ॲपलचे मॅकओएस, लिनक्स ही या दिवाणजींची नावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एका दिवाणजीच्या हाताखाली तयार झालेला कारागीर दुसऱ्याकडे काम करीलच असे नाही. निवडीतल्या निम्म्या अडचणी यातूनच निघतात.

दुकानाच्या संगणकात काय असते?

काही जण म्हणतात, ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहेच काय?’ आपण मोजून पाहू. गिऱ्हाइकांची उधारी, त्यांचे फोन क्रमांक, पुरवठादारांची बिले, जीएसटीचा पासवर्ड, बँकेचे व्यवहार, आधार कार्डांच्या प्रती. यातले कितीतरी दुसऱ्याचे आहे आणि आपल्याकडे विश्वासाने ठेवलेले आहे. अमानत म्हणतात ती हीच.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस काही दिवसांत दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. फायली कुलूपबंद करून तो पैसे मागत असे. ज्या खिंडारातून तो आत आला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधी, दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही किंवा ज्यांची यंत्रे जुन्या विंडोजवर चालली होती, ते सापडले. दुरुस्त्या बंद झालेला संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे रात्री शटर अर्धे उघडे टाकून घरी जाणे.

‘क्रॅक’ केलेल्या विंडोजचे तर आणखी वाईट. परवान्याचे कुलूप तोडणारा छोटा प्रोग्राम चालवण्यासाठी दुरुस्तीवाला बहुधा आधी व्हायरसरोधक बंद करतो. त्या प्रोग्रामबरोबर आणखी काय आत आले, हे त्यालाही ठाऊक नसते.

चोरीच्या प्रतीचा हिशेब

यात कायदा स्पष्ट आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर धंद्यातल्या नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून केवळ दंड करू शकते. दुकानदाराचा वापर धंद्यासाठीच असतो, त्यामुळे ही सवलत त्याच्या वाट्याला येणे कठीण.

शरीअतच्या बाजूनेही हा विषय अंधारात नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला की व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांवरचे हक्क हे मालकी हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. वजन-मापात खोट करणाऱ्यांबद्दल कुरआनात एक सूरह आहे, हे आपण जाणतो. तराजू काटेकोर ठेवायचा आणि ज्या संगणकावर बिल छापायचे तो मात्र दुसऱ्याच्या मालावर चालवायचा, हे हलाल कमाईच्या हिशेबात बसत नाही. ‘ती कंपनी श्रीमंत आहे’ हे उत्तर होत नाही. श्रीमंताच्या दुकानातूनही माल न विचारता उचलता येत नाही.

एक दिलाशाची गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीकडून विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक संगणकांत परवान्याची किल्ली यंत्राच्या मूळ चिपमध्येच साठवलेली असते. त्या यंत्रावर त्याच प्रकारचे विंडोज मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवून पुन्हा टाकले, तर ते सहसा आपोआप अस्सल म्हणून नोंदले जाते. म्हणजे हक्काचा परवाना पदरात असताना कित्येक जण पैसे देऊन क्रॅक करून घेतात! म्हणून सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’ पान आधी पाहावे. मात्र मूळ किमतीच्या दहाव्या हिश्शात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या किल्ल्यांपासून दूर राहावे. तशी किल्ली चालली म्हणजे परवाना मिळाला असे होत नाही.

लिनक्स आले कोठून आणि ते फुकट का?

१९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक सर्वांना असावी, हा त्यांचा आग्रह. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवॉल्ड्स यांनी ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहिला, तो लिनक्स. पुढे त्यांनी तो ग्नूच्याच जीपीएल परवान्याखाली खुला केला. या परवान्यात मालकाने स्वतः लिहून दिले आहे की प्रत काढा, दहा यंत्रांवर टाका, दुसऱ्याला द्या, हवे तर विका. लिनक्सची प्रत घेणे आणि क्रॅक केलेल्या विंडोजची प्रत घेणे या दोन्हींत पैसे पडत नाहीत. पण एकीत मालकाची परवानगी आहे, दुसरीत नाही.

लिनक्स म्हणजे हौशी लोकांचे खेळणे, असाही एक समज आहे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. तेव्हा ताकदीचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो आपल्या कामाला ते जुळते का, याचा.

इतकी नावे कशासाठी?

नवशिका येथे गोंधळतो. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा. यादी संपत नाही. ट्रकचे उदाहरण घ्या. ट्रक घेणारा पुष्कळदा कंपनीकडून चासी घेतो आणि मागची बॉडी गावातल्या कारागिराकडून बांधून घेतो. इंजिन तेच, पण एकाची बॉडी ऊस वाहण्यासाठी, दुसऱ्याची सिमेंटसाठी. लिनक्सचा गाभा हे इंजिन. त्यावर खिडक्या, मेनू, ऑफिस, ब्राउझर बसवून तयार माल देणाऱ्याला डिस्ट्रिब्यूशन किंवा थोडक्यात ‘डिस्ट्रो’ म्हणतात. नवशिक्याला यांतली चार-पाच नावे पुरेत.

*लिनक्स मिंट* – विंडोजची सवय असलेल्यांसाठी पहिली शिफारस हीच. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, सगळे ओळखीचे. किमान २ जीबी रॅम चालते. ४ जीबी असावी हे बरे. याच्या तीन आवृत्त्या आहेत. त्यांपैकी ‘एक्सएफसीई’ जुन्या, अशक्त यंत्रासाठी आणि ‘सिनॅमन’ बऱ्या यंत्रासाठी.

*उबुंटू* – २००४ पासून निघते. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये, ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. धंद्याच्या यंत्रावर एलटीएसच टाकावी. मिंटची मुख्य आवृत्ती हिच्याच पायावर उभी आहे. हिची मांडणी विंडोजहून वेगळी आणि यंत्र थोडे दमदार लागते. मदत मात्र भरपूर मिळते.

*डेबियन* – १९९३ पासूनचे, स्वयंसेवकांनी चालवलेले. उबुंटू यावरूनच निघाले. अत्यंत स्थिर, पण नवशिक्याला पहिल्या दिवशी थोडे रुक्ष वाटते.

*फेडोरा* – नवे ते आधी येथे येते. दर सहा महिन्यांनी आवृत्ती आणि तिला साधारण तेरा महिनेच दुरुस्त्या. शिकणाऱ्या मुलांना उत्तम. दुकानाच्या गल्ल्यावर नको.

*झोरिन* – आयर्लंडहून येणारे, विंडोजसारखे दिसावे म्हणून मुद्दाम बांधलेले. मोफत आवृत्ती नेहमीच्या कामाला पुरते.

भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने बांधलेले ‘बॉस’ लिनक्सही आहे. भारतीय भाषांची सोय हा त्याचा हेतू. आर्च, जेंटू अशी नावे कानावर येतील. ती संगणकाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत.

लिनक्सची नेहमीची रूपे सोडून आणखी दोन पर्याय सांगितले जातात. गुगलने २०२२ मध्ये आणलेले ‘क्रोमओएस फ्लेक्स’ जुन्या यंत्रावर मोफत चालते. ते जवळजवळ सर्वस्वी ब्राउझरवर अवलंबून आहे. इंटरनेट पक्के असेल आणि काम ब्राउझरमधलेच असेल तर विचार करावा. मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रावर वापरण्याचा परवाना आहे. ते यंत्र महाग, म्हणून छोट्या धंद्याच्या चर्चेत ते येथेच सोडू.

आता कामाची यादी करा

एक कागद घ्या. आठवडाभर संगणकावर जे जे काम होते ते लिहा. प्रत्येकासमोर ते कशात होते ते लिहा. निवड या कागदावरून होईल, मित्राच्या आवडीवरून नव्हे.

*किराणा, कापड, हार्डवेअरचे दुकान* – जीएसटीचे पान, बँक, व्हॉट्सॲप वेब, ई-मेल ही कामे ब्राउझरमध्ये होतात; लिनक्सवर ती तशीच चालतात. मालकी धंद्याचे जीएसटी विवरण फोनवर येणाऱ्या ओटीपीनेही दाखल होते. कंपनी किंवा एलएलपीला डिजिटल सही सक्तीची. त्या सहीच्या टोकनाचे लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळते की नाही, हे विक्रेत्याला आधी विचारावे. मुख्य अडचण टॅलीची. ते विंडोजसाठीच बनवलेले आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे ‘वाइन’ नावाचे साधन असले तरी हिशेबासारखे नाजूक काम त्याच्या भरवशावर टाकू नये. टॅलीवर धंदा उभा असेल तर अस्सल विंडोज घ्यावे. बिले ब्राउझरमधल्या सेवेवर होत असतील तर लिनक्सला हरकत नाही.

*छपाई आणि डीटीपी* – कोरलड्रॉ, फोटोशॉप, लग्नपत्रिकेच्या उर्दूसाठी इनपेज, मराठीचे जुने बिगर-युनिकोड फॉन्ट हे सगळे विंडोजचे सोबती. लिनक्सवर इंकस्केप, गिंप, स्क्रायबस आहेत आणि चांगले आहेत. पण गिऱ्हाईक कोरलची फाइल आणते आणि ती जशीच्या तशी उघडावी लागते. या धंद्यात अस्सल विंडोजचा खर्च भांडवलात धरावा. जसे कटिंग मशीन, तसा परवाना.

*सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान* – बोटाचे ठसे घेणारे यंत्र, स्कॅनर, पासबुक छापणारा प्रिंटर यांची चाचणी घेतल्याशिवाय बदल करू नये. बहुधा मुख्य यंत्र विंडोजवर ठेवून गिऱ्हाइकांना फॉर्म भरायला दिलेली यंत्रे लिनक्सवर नेणे सोयीचे पडते.

*शाळा, मदरसा, शिकवणी, वाचनालय* – येथे लिनक्स मनमोकळेपणाने घ्यावे. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून संगणक विषय खुल्या सॉफ्टवेअरवर शिकवला जातो. देणगीत आलेले दहा जुने संगणक मिंट एक्सएफसीईवर चालू होतात आणि परवान्याचा खर्च शून्य.

*घर आणि विद्यार्थी* – अभ्यास, चित्रफिती, पत्रे, प्रकल्प यांना लिनक्स पुरते. संगणक क्षेत्रात नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलाला तर ते यायलाच हवे, कारण इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सचे असतात.

मराठी आणि उर्दूचे काय?

लिनक्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो; उच्चारानुसार टाइप करण्याचीही सोय आहे. ज्यांचा हात टाइपरायटरच्या पद्धतीवर बसला आहे त्यांनी मात्र ही बाब आधी तपासावी. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मोफत युनिकोड फॉन्ट आहे आणि लिबरऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिता येते. नोटीस, पत्रक, प्रश्नपत्रिका यांना ते पुरेसे आहे. इनपेजच्या जुन्या फायली मात्र त्यात सरळ उघडणार नाहीत. वर्ड आणि एक्सेलच्या फायली लिबरऑफिस उघडते; मांडणी क्वचित सरकते आणि एक्सेलचे मॅक्रो पूर्णपणे चालतीलच असे नाही.

घाई न करता बदल

घर घेण्यापूर्वी आपण राहून पाहत नाही. लिनक्समध्ये मात्र ती सोय आहे. क्रम असा ठेवावा.

१. सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करावी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. तिची रिकव्हरी की लिहून ठेवावी.

२. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. डिस्ट्रोची फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि रूफस किंवा एचरने पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, हे विसरू नये.

३. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘लाइव्ह’ चालवावा. यात डिस्कवर काहीच बदलत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग आणि बँकेचे पान एकेक करून तपासावे. एचपीचे बरेच प्रिंटर सहज चालतात. काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत. प्रिंटर चालला नाही तर तेथेच थांबावे.

४. सगळे जमले तरी महिनाभर एका जादा यंत्रावर किंवा घरच्या संगणकावर वापरून पाहावे. मार्चअखेर किंवा ईदच्या गर्दीच्या आठवड्यात गल्ल्यावरचे यंत्र बदलू नये.

५. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवण्याची, म्हणजे ड्युअल बूटची सोय आहे. पण नवख्या हाताने डिस्कचे भाग पाडताना माहिती जाण्याचा धोका असतो. जाणकार सोबत असावा.

६. नंतर दुरुस्त्यांची सूचना आली की ती घ्यावी. ही सवय लागली नाही तर लिनक्सही अर्ध्या उघड्या शटरसारखेच.

खर्च कोठे पडतो?

लिनक्सच्या परवान्याला पैसे लागत नाहीत. शिकण्याला वेळ लागतो. नोकराला नवी जागा दाखवावी लागते. अडले तर विचारायला गावात कोणी हवे. येथेच आपल्या तरुणांना एक धंदाही आहे. विंडोज ११ च्या यादीबाहेर पडलेली यंत्रे गावोगाव आहेत. फायलींची प्रत काढून देणे, यंत्र तपासणे, मिंट किंवा उबुंटू टाकणे, प्रिंटर जोडणे, मराठी-उर्दूची सोय करणे, दोन तास शिकवणे आणि त्याची पावती देणे, या मेहनतीचे पैसे घेण्यात काहीच गैर नाही. जीपीएल परवाना त्याला आडकाठी करीत नाही. क्रॅक टाकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा या कमाईत झोप शांत लागते.

थोडक्यात, टॅली, कोरल किंवा खास यंत्रसामग्रीवर धंदा असेल तर अस्सल विंडोज घ्या आणि तो खर्च धंद्याचा म्हणून लिहा. काम ब्राउझर, पत्रे आणि तक्त्यांपुरते असेल तर लिनक्स मिंटपासून सुरुवात करा. शिकायचे असेल तर उबुंटू किंवा फेडोरा. आणि दुरुस्तीवाला पुढच्या वेळी ‘विंडोज टाकून देतो’ म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा: परवाना कोणाचा? उत्तर देता आले नाही तर ते विंडोज टाकू देऊ नका. कामाच्या यादीचा तो कागद त्याच्यापुढे ठेवा.